पगारवाढीची आवश्यकता नाही

मास्तरांनी एकोणीस वर्षं पगारवाढ मागितली, आणि ज्या आठवड्यात ती मनासारखी मिळाली त्याच आठवड्यात ‘नको’ म्हणून लिहून दिलं. आता तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असेल. छे हो! मास्तरांचं डोकं अगदी जागेवर होतं आणि अजूनही आहे. जागेवर नसतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचार केला नसता, सल्ला घेतला नसता आणि सव्वीस माणसांच्या पोटावर पाय आला नसता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कटिंग मास्तर. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कापड कापतात. शाळेच्या मुलांचे, इस्पितळातल्या नर्सांचे, पहारेकऱ्यांचे असे सगळे गणवेश. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर पसरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि चाळीसही एकदम कापायचे. रेघ अर्धा इंच हुकली तर एका मुलाची नाही, चाळीस मुलांची बाही आखूड. एकोणीस वर्षांत मास्तरांची रेघ हुकली नव्हती, त्यामुळे कापडाखेरीज इतर बाबतींतही आपण चुकत नाही असा त्यांचा समज झाला होता. हा समज बऱ्याच चांगल्या कारागिरांचा असतो, आणि घरच्यांना तो मुकाट्यानं सोसावा लागतो.

घरची माणसं दोन, बायको आणि मुलगी. मुलगी नर्सिंगचं शिकत होती, दुसरं वर्ष. राहायला दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर, भाड्याचं. त्या भाड्याबद्दल बायकोचं स्वतःचं एक कॅलेंडर होतं. ती लग्न होऊन या खोलीत आली तेव्हा मास्तर महिन्याच्या सात तारखेपर्यंत घरमालकासाठी कापड कापायचे आणि आठ तारखेपासून घरासाठी. पुढे सातची दहा झाली. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तेरा. आता अठरा झाली होती. अठरा तारखेला संध्याकाळी मास्तर दारात आले की ती म्हणायची, "या. आजपासून तुम्ही आमचे." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. हल्ली मास्तर अठरा तारखेला जरा उशिराच घरी यायचे.

पगार वाढत नव्हता असं कुणी म्हणू नये. दोन-तीन वर्षांनी थोडा वाढायचा. पण भाडं दर अकरा महिन्यांनी वाढायचं, आणि तेही कुणी अर्ज न करता. मजल्यावर पूर्वी चार बिऱ्हाडं होती. एक सुतार, एक बसकंडक्टर, एक रंगारी आणि मास्तर. सुतार गेला, कंडक्टर गेला. रंगारी ज्या इमारती रंगवायचा त्यांच्यापासून दोन तास लांब राहायला गेला आणि त्याचा अर्धा दिवस प्रवासातच जाऊ लागला. आता घरमालकानं मास्तरांनाही सांगून ठेवलं होतं, की पुढच्या करारात भाडं आणखी चढणार. बायकोनं बोटं मोजली आणि म्हणाली, "बावीस तारीख." म्हणजे हेही बिऱ्हाड हलणार. शेवटच्या बसथांब्याच्याही पलीकडे जायचं, तिथून मुलीचं कॉलेज जमायचं नाही, म्हणजे तिचं शिक्षण अर्ध्यावर सुटायचं. हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मुलगी तर मुळीच नाही, ती फक्त पूर्वीपेक्षा जास्त अभ्यास करायला लागली होती.

अशात गृहनिर्माण मंडळाच्या सोडतीत मास्तरांचं नाव लागलं. मंडळानं कामगारांसाठी एकशे चाळीस घरं बांधली होती, दोन-दोन खोल्यांची आणि चक्क शहराच्या आत. हप्ते भरायचे की घर आपलं. मास्तरांनी चौथ्यांदा अर्ज केला होता आणि यादीत त्यांचा क्रमांक होता एकशे बारा. बायकोनं यादीतल्या त्या ओळीवर तीनदा बोट फिरवलं. मुलीनं पुस्तक बाजूला ठेवलं. मास्तर ‘लागणारच होतं’ असा चेहरा करून बसले, पण हातातली सुपारी समजून त्यांनी शर्टाचं बटण तोंडात टाकलं होतं, हे बायकोनं पाहिलं.

कागदपत्रं महिनाअखेरपर्यंत द्यायची होती. त्यांत मुख्य कागद पगाराचा दाखला. अट अशी, की अर्जदाराचा पगार ठरावीक मर्यादेच्या आत पाहिजे. मास्तर आत होते. अगदी आरामात नाही, पण होते. आणि तिसऱ्याच दिवशी कारखान्याच्या मालकांनी पगारवाढ जाहीर केली! सगळ्यांना, चालू महिन्यापासून. दोन वर्षं पाठपुरावा केलेला अर्ज होता तो, खाली सव्वीस सह्या, आणि वरचा मजकूर मास्तरांच्याच सुवाच्य अक्षरात. कारखान्यात टाळ्या पडल्या. इस्त्रीवाल्यानं मास्तरांना मिठी मारली. मास्तरांनी हातातल्या पत्रावरचा नवा पगार वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. मंडळाच्या मर्यादेपेक्षा तो एका जोडी चपलांच्या किमतीएवढा जास्त होता.

आता सरळ माणूस काय करील? मंडळात जाऊन विचारील. पण मास्तर सरळ खाली गेले, तळमजल्यावर. तिथं एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. इमारतीत त्यांना तोंडावर ‘साहेब’ म्हणतात आणि पाठीमागे ‘नियमावली’. कुठल्या अर्जाला कुठला कागद जोडायचा हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. कुणी विचारलं नाही तर स्वतः उठून येऊन सांगतात.

"गेलं तुमचं घर," नियमावली म्हणाले. सुरुवात ते नेहमी अशीच करतात.

"साहेब, फक्त एका जोडी चपलांएवढं जास्त आहे हो."

"एका नाडीएवढं असलं तरी गेलं. मर्यादा म्हणजे मर्यादा."

"मग मालकांना सांगतो, पगारवाढ पुढच्या महिन्यापासून द्या."

"आणि मग दाखल्यावर काय येईल? ‘वाढ मंजूर, देणे बाकी.’ मंजूर झाली म्हणजे मिळाली! मास्तर, वाढ साफ नाकारावी लागेल. लेखी. आणि कारण अजिबात लिहायचं नाही. घरासाठी नाकारली असं कुणाला कळलं तर ती मंडळाची फसवणूक ठरते. तोंडातून अवाक्षर काढू नका."

वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, महिनाभर आजारी पडा, पगारच कापला जाईल. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, पगार बायकोच्या नावावर करून टाका. या दोन सल्ल्यांशेजारी ठेवल्यावर नियमावलींचा सल्ला फार शहाणपणाचा वाटू लागला. सल्ल्यांचं हे असंच असतं. बायको एवढंच म्हणाली, "अहो, मंडळात एकदा विचारून तर या." मास्तर म्हणाले, "साहेबांनी तीस वर्षं सरकारी नोकरी केलीय." बायको म्हणाली, "आणि सहा वर्षं केलेली नाही." मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मालकांच्या खोलीत गेले.

"मालक, मला पगारवाढ नको."

मालकांनी चष्मा काढला. "दुसरीकडे लागलात का?"

"नाही हो."

"मग कमी वाटतेय? अहो, यापेक्षा मला झेपत नाही."

"कमी नाही. पण नको."

"मग पाहिजे काय तुम्हाला?"

"काही नको."

मालक घाबरले. पंचवीस वर्षांच्या धंद्यात ‘काही नको’ म्हणणारा कामगार त्यांनी पाहिला नव्हता. यात काहीतरी डाव आहे असं वाटून ते म्हणाले, "हे मला लेखी द्या." मास्तरांना तेच तर हवं होतं. मजकूर त्यांनी खिशातच आणला होता, नियमावलींनी तपासून दिलेला. ‘सध्याच्या पगारात माझे व्यवस्थित भागत असल्याने मला पगारवाढीची आवश्यकता नाही.’ यातलं ‘व्यवस्थित भागत असल्याने’ हे नियमावलींनी घातलेलं. त्यानं वाक्याला वजन येतं म्हणाले. मास्तरांनी पगारवाढीचं पत्र परत केलं, हे पत्र दिलं आणि हलक्या पायांनी टेबलाशी येऊन पहारेकऱ्यांच्या चाळीस विजारी कापल्या.

ते पत्र मालकांनी रात्रभर उशाशी घेतलं असावं. सकाळी त्यांनी सगळ्यांना मशीन बंद करायला लावलं.

"आपल्या सगळ्यांत जुने कोण?" मालक म्हणाले. "मास्तर. तुमचा पगारवाढीचा अर्ज कुणी लिहिला? मास्तरांनी. आणि आज तेच मास्तर मला लेखी कळवतात, की या पगारात व्यवस्थित भागतं. बायको आहे, शिकणारी मुलगी आहे, भाड्याचं घर आहे, तरी भागतं. मग तुमचंच का भागत नाही? मला वाटतं, आपण सगळेच जरा घाई करत होतो. पगारवाढीचं पुढच्या सीझनला बघू."

आणि ते पत्र त्यांनी फळ्यावर लावलं, चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारून.

मास्तरांना वाटलं, आपल्या पायांखालून टेबलासकट सगळा कारखाना सरकला. तोंड उघडावं, तर नियमावलींची ताकीद आठवे. तेव्हाच्या तेव्हा ते बोलले असते तर काय झालं असतं? मालक चिडले असते, पण पगारवाढ परत आली असती. फार तर घर गेलं असतं. हा विचार मास्तरांनी पुढे कितीतरी वेळा केला. त्या सकाळी मात्र ते खडू हातात धरून उभे राहिले, आणि सगळ्यांना वाटलं, बघा कसा साळसूदपणे उभा आहे.

त्यानंतर त्यांच्याशी कुणी बोलेना. चहावाल्यानं विचारलं, "सव्वीस का?" इस्त्रीवाला म्हणाला, "पंचवीस. मास्तरांना आवश्यकता नाही." झालं, तेच नाव पडलं. ‘आवश्यकता नाही, जरा बाजूला व्हा.’ ‘अहो आवश्यकता नाही, कात्री द्या इकडे.’ ज्या माणसाला एकोणीस वर्षं कुणी ‘मास्तर’ सोडून हाक मारली नव्हती, त्यानं हे महिनाभर ऐकलं. दुपारचा डबा ते जिन्यात बसून खायचे आणि तिथंही पाठ भिंतीकडे करायचे, कारण भिंतीवर कुणीतरी खडूनं ‘येथे व्यवस्थित भागते’ असं लिहून ठेवलं होतं. तेही त्यांच्याच खडूनं.

फक्त काज-बटणवाल्या ताई आल्या. सोळा वर्षं त्या मास्तरांच्या शेजारच्या खिडकीत काजं करत होत्या. घरी त्या आणि त्यांची ऐंशीची, कानानं अधू असलेली आई. ताई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, खरंच तुम्ही लिहिलंत?"

मास्तरांनी सगळ्या कारखान्यात एका माणसाला खरं सांगितलं, ते त्या पायरीवर. सोडत, क्रमांक एकशे बारा, मर्यादा, मुलीचं कॉलेज. ताई ऐकून घेत राहिल्या.

"माझ्या घरमालकानं भाडं वाढवलंय," त्या म्हणाल्या. "पगारवाढीच्या भरवशावर मी हो म्हणून बसले. महिनाअखेरपर्यंत थांबलाय तो."

"ताई, दोन दिवस! दाखला घेतो, मंडळात देतो, पोच हातात पडली की त्याच पावली मालकांपुढे जाऊन उभा राहतो. सगळं सांगतो. सगळ्यांची वाढ परत आणतो."

"मग आधी घर घ्या तुम्ही," ताई म्हणाल्या. "मी कुणापाशी बोलत नाही."

आणि नाही बोलल्या. इस्त्रीवाला मास्तरांना शिव्या घालायचा तेव्हा त्या खाली मान घालून काजं करत राहायच्या.

दोन दिवस! दोन दिवसांत सरकारी कागद झालेला तुम्ही पाहिलाय का कधी? मास्तरांनी मालकांकडे दाखला मागितला. मालक आता त्यांच्यावर इतके खूश, की लगेच रजिस्टर काढून स्वतः दाखला लिहून दिला. मास्तरांनी तो वाचला. नाव बरोबर. पगार बरोबर. हुद्दा: मदतनीस.

"मालक, हे काय? मदतनीस?"

"रजिस्टरात तसंच आहे, मास्तर. पहिल्यापासून. कारागीर म्हणून दाखवला तर किमान पगार वेगळा द्यावा लागतो. बोलायला तुम्ही मास्तरच की!"

एकोणीस वर्षं. तीन मदतनिसांना मास्तरांनी स्वतः काम शिकवलं होतं, त्यांतला एक आता दुसऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होता, कागदोपत्रीसुद्धा. मास्तरांना त्या क्षणी घर नको, काही नको, फक्त तो शब्द खोडून पाहिजे होता. पण शब्द खोडला तर पगार वाढतो आणि पगार वाढला तर मर्यादा ओलांडते. त्यांनी मदतनीसपण घडी घालून खिशात ठेवलं.

मंडळात चार नंबरच्या खिडकीत एक बाई बसायच्या. वाईट नव्हत्या, नीट बोलायच्या. "अर्जात कटिंग मास्तर आहे, दाखल्यात मदतनीस आहे. ही दोन माणसं झाली."

"एकच आहे हो. हा काय, मीच."

"तसं प्रतिज्ञापत्र आणा."

मास्तरांनी रजा टाकली आणि ‘कटिंग मास्तर व मदतनीस ही एकच व्यक्ती असून ती मी आहे’ असं शपथेवर लिहून दिलं. हे लिहिताना त्यांना काय वाटलं असेल ते विचारू नका. पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, कारखान्याचा शिक्का गोल हवा, हा चौकोनी आहे. मालकांकडे गोल शिक्का नव्हता, तो करून आणायला पाच दिवस गेले. त्याच्या पुढच्या खेपेला राहत्या जागेचा दाखला. घरमालक म्हणाला, "बावीस वर्षं राहतात असं लिहून दिलं तर उद्या तुम्ही हक्क सांगाल." शेवटी मोठ्या मिनतवारीनं त्यानं लिहून दिलं, ‘सदर इसम येथे राहत असल्याचे अधूनमधून दिसून येते.’ बाईंनी ‘अधूनमधून’वर लाल रेघ मारली. आणखी चार दिवस गेले. दर खेपेला मास्तर रांगेत दोन-दोन तास उभे राहायचे, आणि पाय दुखायला लागले की मागच्या सूचनाफलकाला टेकायचे.

ताई रोज सकाळी नजरेनं विचारायच्या आणि मास्तर मानेनं ‘उद्या’ म्हणायचे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारणं बंद केलं. महिनाअखेरच्या दोन दिवस आधी हिशेब घेतला, सगळ्यांचा निरोप घेतला. "भावाच्या गावी जाते," एवढंच सांगितलं. मास्तरांच्या टेबलाशी आल्या तेव्हा ते म्हणाले, "ताई, परवा कागद पुरे होतात. थोडं थांबा." त्या म्हणाल्या, "टेम्पो सांगितलाय मी." त्या दिवशी सोळा वर्षांत पहिल्यांदा मास्तरांनी खडूची रेघ दोनदा पुसली.

शेवटच्या तारखेला मास्तर मंडळात गेले ते बायकोला घेऊन. तिनं ठेवणीतले कपडे घातले होते. खिडकीतल्या बाईंनी गोल शिक्का पाहिला, प्रतिज्ञापत्र पाहिलं, अधूनमधूनशिवायचा दाखला पाहिला. "कागद पुरे झाले," त्या म्हणाल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी पहिल्यांदाच पगाराचा आकडा वाचला.

"पण पगार कमी पडतोय तुमचा."

"कमी?" मास्तर म्हणाले. "मर्यादेच्या आत आहे म्हणून..."

"मर्यादा एक तारखेपासून वाढलीय. आणि हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, असाही नियम आलाय. लोक हप्ते भरू शकत नाहीत ना. परिपत्रक लावलंय की, तुमच्या पाठीमागे."

मास्तर मागे वळले. परिपत्रक होतं. चार खेपा ते त्यालाच टेकून उभे होते. खालचा कोपरा त्यांच्या पाठीनं चुरगळला होता.

"आधी नाही का सांगायचं, बाई?" बायको म्हणाली.

"कागद पुरे झाल्याशिवाय आम्ही आकडे बघत नाही." बाई खरोखरच हळहळल्या. "फार थोडक्यात हुकतंय हो. काहीतरी वाढ मिळाली असेल ना यंदा? या महिन्याचं पगारवाढीचं पत्र असलं तर जोडा, मी आत्ता शिक्का मारते. नसेलच का एखादं?"

"होतं," बायको म्हणाली.

चारला खिडकी बंद होणार होती आणि अडीच वाजले होते. रस्त्यावर आल्यावर तिनं मास्तरांची छत्री त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही मालकांकडे जा. मी घरमालकाकडे जाते. किती दिवस थांबतो विचारते." तिनं तोंड फिरवलं तेव्हा मास्तरांना दिसलं, की नव्यासारख्या ठेवलेल्या त्या कपड्यांना खांद्यावर बारीक रफू होता. इतक्या वर्षांत कापड ओळखणाऱ्या माणसाला तो दिसला नव्हता.

मास्तर धावले. पन्नाशीचा माणूस धावतो तसे, दर चौकाला थांबत. मालकांपुढे उभं राहून त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. सोडत, नियमावली, पत्र, परिपत्रक. शेवटी हात जोडले. "मला देऊ नका हवं तर. घर गेलं तरी चालेल. पण बाकीच्यांची वाढ द्या. त्यांचा काय दोष?"

मालकांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मग टेबलावरचा एक कागद मास्तरांपुढे सरकवला. कारखान्याचा गाळाही भाड्याचाच होता, हे मास्तरांना माहीत होतं. त्याचं भाडं किती वाढलंय ते मात्र त्यांनी त्या दिवशी पाहिलं.

"तुमची पगारवाढ जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी ही नोटीस आली," मालक म्हणाले. "आता दोन्ही कसं जमवायचं म्हणून डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात तुम्ही आलात आणि काही नको म्हणालात. मला वाटलं, देवच धावून आला. ते पैसे गाळ्याच्या मालकाला पोचले, मास्तर. आता माझ्याकडे काही नाही."

फळ्यावरचं पत्र मास्तरांनी स्वतः काढलं, चारही टाचण्या उपटून. कुणी अडवलं नाही. इस्त्रीवाल्यानंही नाही.

तिथून मास्तर ताईंच्या गल्लीत गेले. टेम्पो दारात उभा होता, सामान चढून झालं होतं. एक कपाट, दोन ट्रंका, गुंडाळलेल्या गाद्या, पायांचं शिलाई मशीन. सोळा वर्षांच्या नोकरीचा संसार टेम्पोच्या अर्ध्यातच मावला होता. पुढच्या सीटवर ताईंची आई उशी पाठीशी घेऊन बसली होती. मास्तर वाटभर एक वाक्य घोकत आले होते, ‘ताई, माझं चुकलं, मला माफ करा.’ घर मिळालं नाही, वाढही गेली, तुमचं बिऱ्हाड उगाच मोडलं, हे सगळं सांगायचं आणि मग त्या जे बोलतील ते ऐकून घ्यायचं.

पण ताईच आधी बोलल्या. मास्तरांना पाहून त्या पदराला हात पुसत घाईनं पुढे आल्या. "आज शेवटची तारीख होती ना? मी सकाळपासून तेच म्हणतेय. मिळालं?"

मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. महिनाभर त्या बाईनं गप्प राहून शिव्या ऐकल्या होत्या, त्या याच्यासाठी. आता तिच्याजवळ समाधान म्हणून तेवढंच उरलं होतं.

"मिळालं," मास्तर म्हणाले.

"खरंच? अगं बाई!" ताईंनी त्यांचा हातच धरला. "कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"उजेड आहे?"

"आहे. दोन खिडक्या आहेत. एक... एक मुलीच्या टेबलापाशी येते."

"म्हणजे आता तिचं कॉलेज नाही सुटत."

"नाही सुटत."

"मग झालं तर," ताई म्हणाल्या. "एकाचं तरी झालं. माझं काही मनाला लावून घेऊ नका, मास्तर. भावाकडे चांगली हवा आहे." आणि त्या वळून टेम्पोच्या खिडकीशी ओरडल्या, "आई! मास्तरांना घर मिळालं!"

"काय मिळालं?"

"घर! स्वतःचं!"

मास्तरांना आता आवरेना. भर गल्लीत, टेम्पोच्या फाळक्याला धरून ते मुसमुसून रडू लागले. टेम्पोवाला खाली उतरून बघायला लागला.

"अगं, मग रडतात कशाला?" आईनं विचारलं.

"आनंदानं गं," ताई म्हणाल्या, आणि त्यांनीही डोळे पुसले.

म्हातारीनं मान डोलावली. "रडू दे त्यांना. आपल्याला मिळालं असतं तर आपणही रडलो असतो."